करवंदीच्या माजलेल्या जाळ्या : छाटणी केव्हा व कशी करावी

गोमंतकात वैशाख लागला की डोंगरउतारांवरील करवंदीच्या जाळ्या फळांनी काळवंडून जातात. वाड्यांवरील स्त्रिया व मुले उन्हे चढण्यापूर्वी पाट्या घेऊन निघतात, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारापासून थेट घाटरस्त्याच्या वळणांपर्यंत पानांच्या द्रोणांतून ही फळे विकावयास बसतात. या फळास कोणी खत घातलेले नसते, पाणी दिलेले नसते, औषध फवारलेले नसते. जे आपोआप मिळते त्याची निगा राखावी लागते असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. त्यामुळे आंबा, काजू, सुपारी यांच्याविषयी माहितीपत्रके निघतात आणि करवंद मात्र रानाच्या भरवशावर राहते. गोव्याचा व या फळाचा लेखी संबंध तसा फार जुना आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने भारतीय औषधी वनस्पतींवर लिहिलेला आणि १५६३ साली गोव्यातच छापला गेलेला जो प्रसिद्ध संवादग्रंथ आहे, त्यात वेलदोड्याच्या जोडीने करवंदाचीही चर्चा आलेली आहे. त्यानंतरच्या साडेचारशे वर्षांत करवंदीची जाळी कशी सांभाळावी हे मात्र आपण फारसे लिहून ठेवलेले दिसत नाही.

या विषयाकडे मी वळलो तो एका चुकीमुळे, आणि ती चूक माझीच असल्याने प्रथम तीच सांगणे योग्य होईल. गेल्या वर्षी फळझाडांच्या निगराणीसंबंधी काढलेल्या एका भित्तिपत्रकाचा मजकूर मी लिहिला होता. त्यात "फळझुडपांची छाटणी हिवाळ्यात करावी" असे एक वाक्य होते. वाक्य सुटसुटीत होते, मोठ्या अक्षरांत छापले गेले, शाळांत व पंचायतींच्या फलकांवर लागले. या वर्षी एप्रिल महिन्यात सत्तरी तालुक्यातील एका वाडीवर गेलो असता एका वृद्ध आजींनी मला मुद्दाम आपल्या काजूच्या बागेच्या कडेला नेले. तेथे सुमारे पन्नास पावले लांबीची करवंदीची जाळी होती. जाळी दाट, टवटवीत, पोपटी पानांनी भरलेली होती. फळ मात्र शोधूनही दिसेना.

"बाबा, तुमचा कागद पंचायतीत लावलेला," आजी म्हणाल्या. "नातवाने वाचला, आणि नाताळाच्या सुट्टीत कोयता घेऊन सगळी जाळी एकसारखी केली. काम त्याने चांगले केले, त्याला मी बोलत नाही. पण बाजारात मी आता पाने विकू काय?"

"आजी, चूक त्याची नाही, माझी आहे," एवढेच मला म्हणता आले. त्या कुटुंबात जून महिन्यात मुलांच्या वह्या-छत्र्यांचा खर्च करवंदांच्या पैशातून भागत असे, हे मागाहून समजले. परतल्यावर मी कृषी अधिकाऱ्यांस गाठले, त्यांच्याबरोबर दोन-तीन ठिकाणच्या जाळ्या पाहिल्या, आणि जे समजले ते येथे मांडीत आहे.

फूल कोठे येते, हे आधी पाहावे

करवंदीचे फूल फांदीच्या शेंड्याला येते, आणि छाटणीचा सारा विचार या एका गोष्टीभोवती फिरतो. पावसाळ्यात जी नवी फूट येते ती पाऊस संपेपर्यंत लांबते, थंडीच्या दिवसांत जून होते, आणि जानेवारी ते मार्च या काळात तिच्या टोकाशी पांढऱ्या सुवासिक फुलांचा झुबका धरतो. एप्रिलच्या मध्यापासून पिकू लागणारे करवंद हे याच झुबक्याचे फळ होय. म्हणजे यंदाच्या वैशाखातील फळाची पूर्वतयारी गतवर्षीच्या पावसातच झालेली असते. डिसेंबर महिन्यात जाळीवरून कोयता फिरविला तर नेमके फुलावर येऊ घातलेले शेंडे तेवढे तुटून पडतात. झाड त्यामुळे मरत नाही. उलट ते चांगले जोमाने फुटते आणि पाहणाऱ्यास वाटते की छाटणी मानवली. परंतु ती फूट पानांची असते. त्या वर्षीचे फळ कोयत्याबरोबर गेलेले असते.

याच रचनेतून जाळी माजण्याचे कारणही उलगडते. शेंड्याला फूल आले की ती फांदी सरळ पुढे वाढू शकत नाही. मग शेंड्याखालच्या समोरासमोरच्या दोन डोळ्यांतून दोन फांद्या निघतात, आणि त्यांच्या बेचक्यापाशी काटे असतात. पुढच्या खेपेस त्या दोहोंच्या चार, चारांच्या आठ. दहा वेळा असे घडले तर एका फांदीच्या हजारावर फांद्या होतील. हा कागदावरचा हिशेब झाला; प्रत्यक्षात बहुतेक फांद्या सावलीत गुदमरून वाळतात, पण त्या वाळलेल्या फांद्या आपले काटे शाबूत ठेवून आतच अडकून राहतात. म्हणून वर्षानुवर्षे हात न लागलेली जाळी आतून काळोखी, वाळक्या काटक्यांनी भरलेली असते, आणि हिरवा थर तेवढा बाहेरून व माथ्यावर असतो. फळ त्या थरावरच धरते. माथ्यावरचे फळ आकडीनेही हाती लागत नाही. ते पाखरांचे होते. जवळपास झाड असेल तर करवंदीच्या लांब फांद्या त्यावर रेलून पंधरा-सोळा फुटांपर्यंतही जातात. अशा जाळीपाशी उभे राहून "फळ उदंड आहे, पण पाटी भरत नाही" असे म्हणण्याची पाळी येते.

भित्तिपत्रकातील वाक्य अगदीच निराधार होते असे नव्हे. ते दुसऱ्या झुडपाचे होते, इतकेच. आपल्यापैकी ज्यांचे आप्त ग्वाल्हेर, इंदूर या बाजूस स्थायिक आहेत त्यांना फालसा हे फळ परिचित असेल. उन्हाळ्यात त्याचे सरबत तिकडे घरोघरी होते. फालशाचे झुडूप तिकडच्या कडक थंडीत पाने गाळते, आणि त्याच वेळी, डिसेंबर-जानेवारीत, बागवान ते गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या उंचीवर साफ छाटून टाकतात. पाहणाऱ्यास वाटावे की झाड संपले. परंतु फालशाची फुले नव्याने फुटणाऱ्या कोवळ्या फांद्यांवर, पानांच्या बगलेत येतात. जितकी नवी फूट अधिक तितके फळ अधिक. न छाटलेला फालसा उंच वाढतो, फळ कमी देतो आणि जे देतो ते तोडणाऱ्याच्या डोक्यावरून जाते. फालशाविषयीचे हे वर्णन मी एका पुस्तकात वाचले, "फालसा" हा शब्द गाळला आणि "फळझुडपे" असा शब्द घातला. कला शाखेच्या पदवीधरास सामान्य विधान करण्याचा मोह आवरत नाही, असे कृषी अधिकारी हसत म्हणाले. त्यावर मजजवळ उत्तर नव्हते.

परसातील तुतीचा स्वभावही फालशाला जवळचा आहे. तुती छाटली की फुटते, आणि नव्या फुटव्याबरोबरच तिची फळे दिसू लागतात. तेव्हा तुती छाटण्यास भिऊ नये. करवंदीचे तसे नाही.

योग्य वेळ कोणती

शेवटचे फळ उतरल्यापासून मृगाचा पाऊस चांगला लागेपर्यंत, आणि फार तर त्यानंतरचा एक पंधरवडा, हीच करवंदीच्या छाटणीची वेळ. मृग नक्षत्र साधारणतः ७-८ जूनला लागते. म्हणजे मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा तिसरा आठवडा एवढा अवधी हाती असतो. शेतीच्या कामांची हीच घाई असते हे खरे. तथापि या वेळेचे दोन लाभ आहेत. एक म्हणजे त्या सालचे फळ घरात आलेले असते, त्यामुळे काही गमवावे लागत नाही. दुसरे असे की छाटल्याबरोबर पाऊस मिळतो आणि नव्या फुटीस वाढून जून होण्यास पुढे सहा-सात महिने मोकळे राहतात. जी फूट जूनअखेर निघाली ती जानेवारीत फुलण्याच्या वयाची होऊ शकते.

जुलैच्या संततधारेत जाड फांद्या कापू नयेत. जखम दिवसेंदिवस ओली राहून कुजते. सप्टेंबरनंतर तर जिवंत शेंड्यांना हातच लावू नये. नेमकी अडचण येथे आहे. आपल्याकडे कुंपणे साफ करण्याची प्रथा दिवाळीनंतरची आहे. गवत वाळते, वाटा मोकळ्या करावयाच्या असतात, जत्रा व नाताळ जवळ येतात, शाळांत स्नेहसंमेलने असतात, आणि या निमित्ताने आवाराभोवतीच्या झुडपांवर कोयता चालतो. त्या दिवसांत स्वच्छता करावयाचीच असेल तर वाळलेले लाकूड काढावे, गवत काढावे, वाटेवर आडवी आलेली एखादी फांदी तोडावी. वाळक्या लाकडाला मुहूर्त लागत नाही. परंतु हिरवी जाळी "एकसारखी" करू नये.

जुनी जाळी तीन वर्षांत नवी करावी

दरवर्षी थोडी निगा राखलेल्या जाळीला फारशी छाटणी लागतच नाही. वाळलेल्या, रोगट व परस्परांत घुसलेल्या फांद्या काढल्या, मध्यभागी उजेड शिरू दिला, की पुरे. प्रश्न आहे तो दहा-वीस वर्षे कोणी न विचारलेल्या जाळीचा. अशी जाळी पाहून दोन टोकांचे विचार मनात येतात : तिला तशीच राहू द्यावी, किंवा एकदा बुडापासून कापून मोकळे व्हावे. करवंदी बुडापासून कापली तरी बहुधा पुन्हा फुटते, इतकी ती चिवट आहे. पण सबंध जाळी एकदम कापली तर फुटव्यांवर पुन्हा भरपूर फळ येईपर्यंत मधली वर्षे रिकामी जातात, आणि तोपर्यंत गुरे आत शिरतात ती वेगळीच. ज्या घरास त्या फळाच्या पैशाची गरज आहे त्यास हे परवडणारे नाही. म्हणून काम तीन पावसाळ्यांत वाटून घ्यावे.

पहिल्या वर्षी आरंभ वाळलेल्या लाकडापासून करावा. ते पाण्याची धार न लागता सुकलेले, हलके व ठिसूळ असते. आकडीने ओढून काढता येते. निम्मी जाळी एवढ्यानेच मोकळी होते, असा अनुभव येतो. त्यानंतर जमिनीला टेकलेल्या व लोळणाऱ्या फांद्या काढाव्यात; त्यांपैकी काहींनी मातीत मुळे धरली असल्यास त्या मुळांसकट उचलून कुंपणातील रिकाम्या जागी लावता येतात. मग बुंध्याशी नीट नजर टाकावी. एका झुडपाला अनेक खोड असतात. त्यांतील सर्वांत जाड, जुनाट, माथ्यावरच तेवढी पालवी राहिलेली अशी सुमारे एक तृतीयांश खोडे निवडून ती जमिनीपासून वीतभर उंचीवर कापावीत. उरलेल्या दोन तृतीयांशांना त्या वर्षी हात लावू नये. पुढील वैशाखाचे फळ त्यांच्यावरच यावयाचे आहे. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी उरलेल्या जुन्या खोडांचे असेच दोन हप्ते करावेत. तिसऱ्या वर्षी शेवटचा हप्ता कापला जाईल तेव्हा पहिल्या वर्षीचे फुटवे दोन पावसाळे पाहिलेले असतील.

जाड खोड कोयत्याने घाव घालून तोडण्यापेक्षा करवतीने कापणे बरे. बोथट कोयत्याने खोड चिरते, आणि त्या चिरेत पाणी शिरून कूज लागते. काप थोडा तिरका द्यावा, म्हणजे पाणी वर साचून राहत नाही. बारीक फांद्यांना छाटणीची कात्री उत्तम. करवंदीतून पांढरा चीक येतो व तो हत्याराला चिकटतो. फणस कापताना जसे हाताला व विळीला खोबरेल तेल लावतात तसेच येथेही करावे.

अंगठ्यापेक्षा जाड असलेल्या जखमांवर बोर्डो मलम लावावे. सुपारीवरील कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या आपल्या बागायतदारांना हे नवीन नाही. प्रमाण तेवढे वेगळे, कारण मलम घट्ट असावे लागते : १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना यांना मिळून १० लिटर पाणी. थोडेच काम असेल तर १०० ग्रॅम, १०० ग्रॅम व १ लिटर असे घ्यावे. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करावेत. भांडे मातीचे किंवा प्लास्टिकचे असावे, लोखंडाचे कदापि नसावे. तयार मलमात स्वच्छ घासलेले लोखंडी पाते क्षणभर बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी चुन्याची निवळी घालावी.

कापलेल्या बुंध्याभोवती दर झुडपास ५ ते १० किलो चांगले कुजलेले शेणखत मातीत मिसळून द्यावे व वर पालापाचोळा पसरावा. आपली बहुतेक करवंदी चिऱ्याच्या तांबड्या, उथळ मातीत उभी असते. मुसळधार पावसात त्या मातीतला कस धुपून जातो, म्हणून हा पाला महत्त्वाचा. युरिया टाकण्याची घाई नको. त्याने पाने माजतात, आणि पाने आपल्याला नको आहेत हे आजींनी सांगितलेच आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये कापलेल्या प्रत्येक बुंध्यातून फुटव्यांचा गुच्छ निघतो. हा टप्पा पुष्कळजण विसरतात आणि तीन वर्षांची मेहनत येथेच वाया जाते. कारण सर्वच फुटवे ठेवले तर दोन वर्षांत पूर्वीसारखाच काळोख. एका बुंध्यावर परस्परांपासून दूर असलेले, बाहेरच्या अंगाला झुकलेले चार-पाच जोमदार फुटवे राखावेत आणि बाकीचे कोवळे असतानाच हाताने मोडून टाकावेत. या वयात काटेही मऊ असतात, त्यामुळे काम मुलांनाही जमते. एका महिन्याने तेच काम करावयाचे झाले तर कात्री व जाड हातमोजे लागतात.

शेळ्यांना हे कोवळे फुटवे फार प्रिय. त्यासाठी वेगळे कुंपण शोधण्याची आवश्यकता नाही. छाटलेल्या काटेरी फांद्याच बुंध्यावर सैलसर पसराव्यात. फुटवे त्यांच्यामधून वर येतात आणि तोंड घालणारे जनावर मागे फिरते. उरलेल्या फांद्या नव्याने लावलेल्या आंब्या-काजूच्या रोपांभोवती रोवाव्यात. काड्यांचा ढीग करून पेटविण्याची सवय मात्र सोडावी. मेअखेर पठारावरचे गवत अजून वाळलेलेच असते, आणि एका ठिणगीने शेजाऱ्याची काजूची बाग जाऊ शकते.

जाळीत हात घालण्यापूर्वी

जुनी जाळी रिकामी नसते. बुलबुल याच दिवसांत तिच्यात घरटी करतात. घरट्यात अंडी वा पिल्ले दिसली तर तेवढा भाग पिल्ले उडून जाईपर्यंत सोडून द्यावा. बुडाशी साचलेल्या पाल्यात घोणस किंवा फुरसे असण्याचा संभव असतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी लांब काठीने जाळी चांगली हालवावी, पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट असावेत, पाला हाताने न ओढता दाताळ्याने ओढावा. दुर्दैवाने सर्पदंश झालाच तर जखम कापणे, चोखणे, करकचून दोरी बांधणे यांत वेळ घालवू नये. दंश झालेला अवयव हालू न देता रुग्णास सत्वर आरोग्य केंद्रात न्यावे. १०८ क्रमांकावर दूरध्वनी केल्यास रुग्णवाहिका मिळते. करवंदीचा काटा खोल रुतून मोडतो व पिकतो. काटा पूर्ण निघाला की नाही हे पाहावे आणि धनुर्वाताची लस घेतलेली नसल्यास ती घ्यावी. चीक व काटे यांपासून डोळे सांभाळावेत. साधा चष्माही उपयोगी पडतो.

कुंपण हवे की फळ

करवंदीकडून आपण दोन कामे घेतो. ती गुरे अडविते आणि फळ देते. या दोन कामांसाठी छाटणी वेगवेगळी लागते, हे ध्यानात घेतले पाहिजे. कुंपण दाट, आटोपशीर व बुडापासून भरलेले हवे. त्यासाठी ते वारंवार कातरावे लागते, आणि जितके कातरावे तितके शेंडे जातात व फळ घटते. यावर एक तोड आहे. कुंपणाची रस्त्याकडील बाजू तेवढी जूनमध्ये सरळ कातरावी आणि बागेकडील बाजू मोकळी सोडावी. तिच्यातील जुनी खोडे वर सांगितल्याप्रमाणे पाळीपाळीने काढीत जावे. बाहेरून भिंत, आतून फळ. कातरताना बूड रुंद आणि माथा अरुंद राहील असा उतार द्यावा, नाहीतर माथ्याची सावली बुडावर पडते, खालची पाने गळतात आणि नेमके जेथून गुरे शिरतात तेथेच भोके पडतात. उंची छातीइतकी ठेवली तर फळ हाताने तोडता येते. वृद्ध स्त्रियांच्या दृष्टीने हे काही लहान सुख नव्हे.

भोके पडलीच असतील तर ती तारेने बुजविण्याऐवजी रोपांनी बुजवावीत. पूर्ण पिकलेल्या फळांतील बी काढून धुऊन लगेच पेरावे. करवंदाच्या बियांची उगवणशक्ती लवकर कमी होते. पुढच्या वर्षासाठी डबीत जपून ठेवलेले बी बहुतेक वाया जाते. पिशवीत वाढविलेले रोप पुढच्या पावसाळ्यात हात-दीड हात अंतरावर लावावे. ते साधारणतः तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून फळ दाखवू लागते. बियांपासून झालेले झाड मातृवृक्षासारखेच निघेल याची शाश्वती नसते; एखाद्या जाळीचे फळ विशेष मोठे व गोड असेल तर पावसाळ्यात तिच्यावर गुटी बांधावी. मोठ्या फळांची 'कोकण बोल्ड' ही जात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दिलेली आहे. ती लावण्याजोगी आहे. पण परसातली चांगली जाळी उपटून तिच्या जागी ती लावण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

येथवर जे सांगितले ते आपल्या मालकीच्या किंवा ताब्यातील जमिनीतील जाळ्यांना लागू आहे. राखीव जंगलात अथवा म्हादई अभयारण्यासारख्या क्षेत्रात वन खात्याच्या परवानगीशिवाय फांदीही तोडू नये, मग हेतू कितीही चांगला असो. कोमुनिदादीच्या पठारावरील व रस्त्याकडेच्या जाळ्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. कागदोपत्री त्या कोणा एका घराच्या नसतात; पण कोणती जाळी कोणत्या वाडीने तोडावयाची हे वाडीवर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते, आणि ज्यांना स्वतःचे बागायत नाही अशीच घरे त्यावर अधिक अवलंबून असतात. रस्ता मोकळा करण्यासाठी यंत्र आणले की ते तासाभरात जाळी मुळासकट उपटते. तेवढ्या जाळ्या पुन्हा फळावर आणावयाच्या म्हटल्यास बी पेरण्यापासून चार-पाच वर्षे हवीत, आणि मध्यंतरी उतारावरची माती रस्त्यावर येते ती वेगळीच. पंचायतींनी अशी साफसफाई ठरविताना, ती शक्यतो जूनमध्ये, हातकोयत्याने व रस्त्याच्या बाजूपुरती करावी. आणि त्यापूर्वी त्या जाळीवर कोण करवंदे तोडते हे विचारून घ्यावे. विचारण्यास खर्च येत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. शाळेच्या आवारात करवंदी असेल तर जानेवारीत मुलांना एक शेंडा दोऱ्याने खूण करून ठेवावयास सांगावे व त्यावरील कळी, फूल, हिरवे फळ, काळे फळ यांच्या तारखा वहीत लिहून घ्याव्यात. शेजारच्या एका लहान फांदीचा शेंडा त्याच वेळी कापून ठेवावा. एप्रिलमध्ये दोन्ही फांद्या शेजारी शेजारी पाहिल्यावर छाटणीविषयी निराळा धडा द्यावा लागणार नाही. मला हा धडा उशिरा मिळाला.

त्या आजींच्या जाळीचे आता काय, असे कोणी विचारील. डिसेंबरात कापलेल्या त्या जाळीवर खूप दाट फूट आली आहे. ती यंदाच्या जूनमध्ये पुन्हा वरून कापू नये, फक्त आतली विरळणी करावी आणि राखलेले शेंडे पावसाळाभर वाढू द्यावेत, असे कृषी अधिकाऱ्यांनी नातवास प्रत्यक्ष दाखवून दिले आहे. फळ पुढच्या वैशाखात यावे.

छाटणीसंबंधी शंका असल्यास आपापल्या तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात विचारणा करावी. उपरोक्त भित्तिपत्रकाचा मजकूर दुरुस्त करण्यात आला असून त्यात फालसा, तुती व करवंद यांच्या छाटणीच्या वेळा स्वतंत्रपणे दिल्या आहेत. जुने भित्तिपत्रक ज्या शाळांत, ग्रंथालयांत व पंचायतींच्या फलकांवर अद्याप लावलेले असेल तेथून ते दिवाळीपूर्वी काढून टाकावे, अशी संबंधितांस विनंती आहे.